पोपडा उलटा करून बघा: टॅपेट कव्हरचा रंग पुन्हा पुन्हा का सुटतो

बॉनेटखालचे पार्ट घरी रंगवणाऱ्या जवळपास प्रत्येकाची तक्रार एकच असते. रंग मारला तेव्हा झकास दिसत होता, दोन-चार महिन्यांत टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावर, फोड आले, मग पोपडे निघायला लागले. पुन्हा घासलं, पुन्हा मारला, पुन्हा तेच. माझ्या गाडीवर हे तीन वेळा झालं. चौथ्यांदा मारलेला रंग तीन पावसाळे काढून अजून जागेवर आहे. मधल्या काळात काय काय कळलं ते इथे लिहितोय, कारण दर वेळी दुकानात जाऊन आणखी महाग कॅन आणणं हा याचा इलाज नाही. रंगाच्या खाली काय चाललंय हे बघितल्याशिवाय पुढचा कॅन घेऊच नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

गाडी २००८ सालची, चार सिलिंडरची पेट्रोल. टॅपेट कव्हर ॲल्युमिनियमचं ओतीव. काम सगळं नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी.

पहिल्या वेळी मी कव्हर रॉकेलने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं आणि साधा काळा स्प्रे मारला. सहा आठवड्यांत तो केळीच्या सोपटासारखा लांबच लांब सोलून आला. नखाने एक टोक उचललं की हातभर निघायचा. खालचं ॲल्युमिनियम अगदी लखलखीत, जणू कधी रंग लागलाच नव्हता.

दुसऱ्या वेळी वाटलं, उष्णता सोसत नसेल. म्हणून सायलेन्सरला मारतात तो ६०० अंशांचा चंदेरी रंग आणला. तो सोलला नाही, पण कधी पक्काही झाला नाही. हात लावला की बोटाला चंदेरी भुकटी यायची. एअर फिल्टर बदलताना पेट्रोलने ओला झालेला फडका कव्हरवर टेकला, तर तेवढा भाग पुसूनच गेला.

तिसऱ्या वेळी रीतसर केलं. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला पकड घेणारा खालचा थर, त्यावर इंजिनसाठीचा इनॅमल, तीन पातळ हात, मधे पुरेसा वेळ. थंडीभर काही झालं नाही. मला वाटलं जमलं. मग मे महिन्यात मुंबईहून परत येताना कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. गाडी बंद करून वीसेक मिनिटांनी वायपरच्या पाण्यासाठी बॉनेट उघडलं, तर तेल टाकायच्या झाकणाभोवती शेंगदाण्याएवढे सात-आठ फोड. घाटात इंजिन तापतंच, पण थांबल्यावर आणखी एक गोष्ट होते. पंखा बंद, पाणी फिरणं बंद, समोरून येणारा वारा बंद, आणि इंजिनातली सगळी धग वर कव्हरकडे चढते. चालत्या गाडीपेक्षा बंद केलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं तर कव्हर जास्त पोळतं ते यामुळे.

घरी आल्यावर सेफ्टी पिनने त्यातला एक फोड टोचला. हवा निघेल असं वाटलं होतं. निघाला तो तपकिरी तेलाचा थेंब. मोहरीएवढा, पण तेलच. तो कव्हरच्या उतारावरून हळू घरंगळला आणि खालच्या बोल्टच्या वॉशरपाशी थांबला. रंग वरून बिघडत नव्हता, त्याला आतून कोणीतरी ढकलत होतं, हे मला त्या थेंबाने सांगितलं.

तेल आलं कुठून?

आमच्या गल्लीत एक काका राहतात. अंबडच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगच्या लाइनवर त्यांचं आयुष्य गेलं. त्यांना कव्हर दाखवलं. त्यांनी हातात घेऊन उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, "हे कास्टिंग ना रे? आमच्याकडे कास्टिंग आलं की आधी कोरंच भट्टीत फिरवतो. पावडर नंतर. तसं नाही केलं तर ओव्हनमधून फोड घेऊनच बाहेर येतं."

मी म्हटलं, "काका, मी तर तीनदा थिनरने पुसलं होतं."

"वरून पुसलंस. आत गेलेलं कोण काढणार?"

मला जे हवं होतं ते याच वाक्यात होतं. ओतीव ॲल्युमिनियम डोळ्यांना घट्ट दिसतं, पण त्यात सुईच्या टोकाहून बारीक भोकं असतात. धातू थंड होताना त्यात वायू अडकतो, आकसताना पोकळ्या राहतात. वर्षानुवर्षं गरम तेलाचे शिंतोडे आतून बसतात, बाहेरून गळतीचं तेल बसतं, आणि ते या भोकांत मुरतं. थंड कव्हर थिनरने पुसलं की वरचं तेल जातं, मुरलेलं तिथेच राहतं. कव्हर तापलं की तेल पातळ होतं, फुगतं आणि बाहेर यायला बघतं. वर रंगाचा पापुद्रा असतो. तो साध्या दिवशी तग धरतो, घाट चढलेल्या दिवशी हरतो.

म्हणूनच फोड तेल टाकायच्या झाकणाभोवती होते. तेल ओतताना तिथेच सांडतं, आणि आपण ते फडक्याने टिपून विसरून जातो.

पोपडा काय सांगतो

आता मुख्य गोष्ट. रंग सुटला की चिडून लगेच घासायला घेऊ नका. एक बऱ्यापैकी मोठा पोपडा अलगद काढा, उलटा करा, उजेडात धरा. त्याची खालची बाजू आणि पार्टवरची उघडी जागा, दोन्ही बघा.

पोपड्याची खालची बाजू स्वच्छ आणि गुळगुळीत, आणि पार्टवर उघडं चकचकीत ॲल्युमिनियम असेल, तर रंगाला पकडच मिळालेली नाही. माझी पहिली वेळ ती. ॲल्युमिनियम हवेला लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि साधा इनॅमल त्यावर बसत नाही. घासलेल्या ओरखड्यांचा उपयोग होतो, पण तेवढ्याने भागत नाही. मधे एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर लागतोच. एच प्रायमरमध्ये थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला चावतं आणि वरच्या रंगाला पकड देतं. घासल्यानंतर त्याच दिवशी प्रायमर मारा. शनिवारी घासून ठेवलं आणि रविवारी मारलं, तर रात्रभरात ऑक्साइडचा थर आणखी वाढलेला असतो.

खालची बाजू चिकट, तपकिरी, बोटाला वास येतो तो इंजिन ऑइलचा, तर तेल. पण इथे एक फरक बघा. फोड कव्हरच्या मधोमध असतील तर तेल कास्टिंगमध्ये मुरलेलं आहे. रंग फक्त कडेने, गॅस्केटच्या रेषेला धरून सुटत असेल, तर गॅस्केट झिरपतंय. तिथे रंगाचं काम करण्यात अर्थ नाही, आधी गॅस्केट बदला. झिरपणाऱ्या गॅस्केटवर जगातला कुठलाही रंग टिकत नाही.

रंग निघाला पण प्रायमर पार्टवरच राहिला, तर भांडण दोन थरांमधलं आहे. बहुतेक वेळा प्रायमर मारून आठवडाभर तसाच ठेवलेला असतो, त्यावर धूळ किंवा हाताचं तेल बसलेलं असतं, किंवा दोन हातांमधलं वेळेचं गणित चुकलेलं असतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

पोपड्याखाली पांढरी पिठासारखी भुकटी दिसली तर ॲल्युमिनियम गंजतंय. ओल रंगाखाली शिरलेली आहे. बॅटरीजवळच्या ब्रॅकेटवर हे जास्त दिसतं, कारण तिथे ओलीला आम्लाची जोड मिळते. ही भुकटी पूर्ण घासून, खड्ड्यांच्या तळापर्यंत काढावी लागते. वरवर पुसून रंग मारला तर सहा महिन्यांत तोच खड्डा मोठा होऊन वर येतो.

आणि रंग सोललाच नाही, नुसता मऊ राहिला, पेट्रोलने पुसला गेला, तर तो माझा दुसरा प्रकार. याच्यावर थोडं थांबतो, कारण या चुकीत सगळ्यांचे पैसे जातात.

६०० अंशांचा रंग टॅपेट कव्हरवर का चालत नाही

जास्त तापमानाचा म्हणजे जास्त चांगला, असं आपण धरून चालतो. पण सायलेन्सर आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनातला जळका धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या) रंगात सिलिकॉन रेझिन असतं. ते हवेत नुसतं सुकतं, पक्कं होत नाही. पक्कं व्हायला त्याला टप्प्याटप्प्याने २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर तापावं लागतं, नेमका आकडा कॅनवर दिलेला असतो. मॅनिफोल्ड स्वतःच कित्येक शे अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे तिथे तो गाडी चालवता चालवता भाजून निघतो. टॅपेट कव्हर मात्र सहसा १०० ते १२० अंशांच्या पुढे जात नाही. म्हणजे हा रंग तिथे जन्मभर अर्धकच्चा राहणार.

उलट चूकही तितकीच वाईट. मॅनिफोल्डवर इंजिन इनॅमल मारला तर पहिल्याच फेरीत धूर, करपट वास आणि मग काळी राख. मॅनिफोल्डला त्याचाच रंग, तोही खाली साधा प्रायमर न मारता, थेट स्वच्छ खरवडलेल्या धातूवर. टॅपेट कव्हर, ब्रॅकेट, पुली, पाण्याच्या पाइपांचे धातूचे तुकडे यांना इंजिन इनॅमल. एवढी वाटणी लक्षात ठेवली तरी निम्मी नासाडी वाचते.

तेल बाहेर काढण्याची माझी पद्धत

कव्हर गाडीवर ठेवून हे होत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कव्हर उतरवा, उघड्या कॅमशाफ्टवर स्वच्छ कापड आणि त्यावर प्लास्टिक झाका. कव्हरमधलं सगळं रबर काढा: गॅस्केट, स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा). आतल्या बाजूला बॅफलची, म्हणजे तेलाचे शिंतोडे अडवणारी, पत्र्याची प्लेट असते. ती रिव्हेटने बसवलेली असेल तर राहू द्या, पण तिच्या मागे काही जाणार नाही याची काळजी घ्या. सँड ब्लास्टिंग करून आणायचा मोह होतो, तो टाळा. त्या प्लेटमागे अडकलेली वाळू कितीही हवा मारली तरी पूर्ण निघत नाही आणि नंतर तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते. रंगापायी इंजिन घालवायचं नसतं.

जुना रंग काढायला रिमूव्हर वापरा, उघड्यावर आणि जाड हातमोजे घालून. कॉस्टिक सोडा मात्र ॲल्युमिनियमला लावू नका. लोखंडाला चालतो म्हणून काही गॅरेजमध्ये सरसकट वापरतात. ॲल्युमिनियमला तो खातो, फसफसून हायड्रोजन सोडतो आणि पृष्ठभाग काळा, खडबडीत करून ठेवतो.

मग भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, नायलॉनचा ब्रश, दोन वेळा. कोरडं करून थिनरने पुसा. इथपर्यंत सगळेच करतात. पुढचं फार थोडे करतात.

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक घेतली. एका बाजूला हीट गनच्या तोंडाएवढं भोक, विरुद्ध बाजूला हवा बाहेर जायला दोन लहान भोकं. ही बाहेरची भोकं लागतातच, नाहीतर गन स्वतःच तापून बंद पडते. आत दोन विटांचे तुकडे, त्यावर कव्हर, आणि गनचा झोत थेट कव्हरवर न पडता ट्रंकच्या भिंतीवर पडेल असा. थिनरने पुसल्यावर किमान तासभर कव्हर उन्हात ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय ट्रंकेत घालू नका. थिनरची वाफ आणि हीट गन बंद डब्यात एकत्र म्हणजे भडका. अंगणात, घराच्या भिंतीपासून लांब, पोरांना आत पाठवून, पाण्याची नव्हे तर कोरड्या मातीची बादली शेजारी ठेवून हे करा. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी वापरू नका. तेलाची वाफ त्याच्या भिंतींवर बसते आणि नंतर खाण्यात उतरते.

इन्फ्रारेड थर्मामीटरने बघत कव्हर १३० अंशांच्या आसपास आणलं आणि पाऊण तास ठेवलं. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो, म्हणून कव्हरवर मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला. कव्हरच्या आत प्लास्टिकचा काही भाग असेल तर एवढं तापवू नका.

ट्रंक उघडली तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. दोन वेळा धुतलेल्या, थिनरने पुसलेल्या, नजरेला निखळ स्वच्छ असलेल्या कव्हरवर घाम फुटला होता. तेल ओतायच्या भोकाभोवती आणि मधल्या दोन फासळ्यांच्या बेचक्यात तपकिरी ठिपके, काही जोडले जाऊन डाग झालेले. पूर्ण गार होऊ दिलं, थिनरच्या पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडका चहाच्या गाळणीसारखा झाला. पुन्हा उन्हात, पुन्हा ट्रंकेत. दुसऱ्या फेरीत डाग कमी, तिसऱ्या फेरीत चार-पाच ठिपके, चौथ्या फेरीत फडका पांढरा राहिला. एका दिवसाचं काम. मी आधी तीन वेळा रंगात घातलेल्या सुट्ट्या मोजल्या तर हा दिवस स्वस्तातला होता.

शेवटी पाण्याची परीक्षा. कव्हर तिरपं धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडा. पाण्याची अखंड चादर पसरून राहिली तर पृष्ठभाग तयार. अळवाच्या पानासारखे थेंब जमले तर अजून तेल आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि ती खोटं बोलत नाही. मी माझ्या तिसऱ्या वेळेला ती केली असती तरी मुरलेलं तेल दिसलं नसतं, कारण ते थंड धातूत लपतं. म्हणून आधी ट्रंक, मग पाणी, हा क्रम.

रंग मारताना

२२० नंबरच्या पेपरने कोरडं घासून, धूळ उडवून, एकदा पुसून, त्याच दुपारी एच प्रायमर. पातळ. धातू अंधूक दिसत राहिला तरी चालेल. एच प्रायमर जाड मारला तर आतलं आम्ल अडकून राहतं आणि तोच थर नंतर सुटतो. त्यावर लांबी (पुट्टी) लावू नका.

इनॅमलच्या कॅनवर दोन हातांमधली वेळ लिहिलेली असते आणि ती आपण वाचत नाही. बहुतेक इनॅमलचं गणित असं: पहिल्या हातानंतर साधारण तासाभरात पुढचे हात संपवा, नाहीतर थेट एक-दोन दिवस थांबा. मधल्या वेळेत मारलात तर खालचा थर वरून साय धरलेला आणि आतून ओला असतो. नव्या हातातलं थिनर आत शिरतं, खालचा थर फुगतो आणि दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुत्या पडल्या की वरून आणखी मारून त्या झाकत नाहीत. पूर्ण वाळू द्या, घासा, नव्याने मारा.

कॅन दोन मिनिटं हलवा, आतली गोळी मोकळी वाजायला लागल्यापासून मोजा. अंतर एक वीत, म्हणजे वीस-पंचवीस सेंटिमीटर. पहिला हात नुसता भुरभुरल्यासारखा.

मधेच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत असतील, रंग त्या जागेवरून पळत असेल, तर ते सिलिकॉन. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये ते असतं, आणि बोटाला लागलेलं एवढंसंही पुरतं. रंगाच्या दिवशी गाडीला पॉलिश करू नका आणि गॅस्केटचं सिलिकॉन लावलेल्या हातांनी पार्ट उचलू नका.

नंतर भाजणं. रंग एक दिवस हवेत सुकल्यावर तोच ट्रंकेचा ओव्हन, कॅनवर सांगितलेल्या तापमानाला. इंजिन इनॅमलला साधारण ९० ते १०० अंश, वीस-तीस मिनिटं, असं बहुतेकांवर असतं. यानंतर नख लागत नाही आणि ओला फडका रंग घेऊन येत नाही. ट्रंक जमत नसेल तर कव्हर बसवून इंजिन दहा मिनिटं चालवा, पूर्ण गार होऊ द्या, मग वीस मिनिटं, पुन्हा गार. पण त्याआधी आठवडाभर पेट्रोल, ब्रेक ऑइल, डिग्रीझर यातलं काही त्याला लागू देऊ नका.

बसवताना नवीन गॅस्केट. गॅस्केटच्या खोबणीत आणि बोल्टच्या वॉशरखाली रंग नको, तिथे आधीच मास्किंग टेप लावा. वॉशरखालचा रंग दाबाने चुरगळतो, बोल्ट सैल होतो, गळती सुरू होते आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. हे बोल्ट लहान असतात, बहुतेक गाड्यांत ८ ते १० न्यूटन मीटर एवढंच आवळायचे, आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोर सहन करत नाहीत.

नाशिकची हवा

हवेचा दोष देऊन मोकळं होणारे बरेच भेटतात, पण काही दिवस खरंच रंगाचे नसतात. जून ते सप्टेंबर स्प्रे मारला तर रंगावर पांढुरकी झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर दव धरतं आणि ते रंगात अडकतं. काळ्या रंगावर हे लगेच दिसतं. आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर कॅनला हात लावू नका, आणि पार्ट दवबिंदूच्या तापमानापेक्षा किमान तीन अंश गरम हवा.

थंडीत उलटा त्रास. निफाडचा पारा पेपरात येतो त्या दिवसांत आपल्या अंगणातही सकाळी दहा अंशांच्या खाली असतं. कॅनमधला दाब कमी होतो, फवारा तुटक येतो, थेंब उडतात. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, हात सहज सोसेल इतक्याच. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवलेला कॅन फुटतो. काम अकरानंतर सुरू करा आणि चारला संपवा, म्हणजे संध्याकाळचा गारवा ओल्या रंगावर पडणार नाही. मला स्वतःला दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे आणि फेब्रुवारी सगळ्यात बरे वाटले. एप्रिल-मेच्या भर दुपारी रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो, तेव्हा सकाळी लवकर.

कव्हर सोडून बाकीच्या जागा

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमागचा बूस्टर हा काळा गोल डबा ज्यांचा सारखा सोलतो, त्यांनी रंगाकडे नाही, ब्रेक ऑइलकडे बघावं. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि रंग विरघळवतात. टाकीचं झाकण ओलं राहतंय का, मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून पाझर आहे का, हे आधी मेकॅनिककडून बघून घ्या. ती ब्रेकची बाब आहे, रंग नंतर. ऑइल भरताना सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात मिसळून निघून जातं.

बॅटरीचा ट्रे रंगवण्याआधी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस येणं थांबेपर्यंत. आम्ल राहिलं तर रंग खालून खाल्ला जातो.

पिवळसर झिलई असलेले ब्रॅकेट आणि क्लिपा झिंकच्या मुलाम्याच्या असतात. त्यावर थेट इनॅमल मारलात तर काही महिन्यांत सोलतो, कारण झिंक आणि इनॅमलचं तेल यांची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो. एच किंवा इपॉक्सी प्रायमर मधे हवाच. मुलामा शाबूत असेल तर मी तो तसाच ठेवतो, दिसतोही चांगला.

रेडिएटरच्या जाळीला, अल्टरनेटरला, सेन्सर आणि त्यांच्या कनेक्टरला, रबरी होजना, बेल्टला रंग नको. अर्थिंगच्या तारा जिथे बोल्टने बसतात ती जागा उघडी धातूच राहिली पाहिजे. तिथे रंग गेला तर रंग टिकेल, पण गाडी नको ते दिवे दाखवायला लागेल. सीएनजी गाडी असेल तर रेग्युलेटर, पाइप आणि जोड यांच्यावर रंग मारूच नका, गळती तपासताना ते उघडे दिसावे लागतात.

गन आणि कॉम्प्रेसर घेऊन हार्डनर मिसळायचा टू-के रंग मारण्याचा विचार असेल तर घरी करू नका, असंच मी सांगेन. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. ज्यांच्याकडे बूथ आहे, ताज्या हवेचा मास्क आहे, त्यांच्याकडून ते करून घ्या. साध्या कॅनसाठीसुद्धा सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या. तो रंगाच्या दोन-चार कॅनच्या किमतीत येतो आणि बरीच कामं चालतो.

आता चौथ्या वेळेचा हिशोब. मागच्या उन्हाळ्यात पुन्हा कसारा घाट चढून तिथेच इगतपुरीला थांबलो आणि मुद्दाम वीस मिनिटांनी बॉनेट उघडलं. झाकणाभोवती बोट फिरवलं, चटका बसला, फोड नव्हते. एका ठिकाणी, मधल्या फासळीच्या बेचक्यात, मसूरएवढा उंचवटा गेल्या महिन्यात दिसलाय. तो मी अजून टोचलेला नाही. या दिवाळीनंतर गॅस्केट बदलायचंच आहे, तेव्हा तेवढा पोपडा काढून उलटा करून बघीन.